गाटूनहून परत, की पलीकडे?

दोन हजारांवर प्रवाशांचं जहाज गाटूनच्या लॉकसमोर थांबलं होतं आणि ते कुणासाठी थांबलंय, हे वरच्या डेकवरच्या गर्दीला कळत नव्हतं. कळलं तेव्हा हसू आलं. खाली पाण्यात वल्ह्यांची एक छोटीशी होडी होती, तिच्यात दोन माणसं. भिंत आणि जहाज यांच्यामधली पहिली दोरी त्या होडीनं जुळवून दिली. मग त्या दोरीमागून पोलादी तार वर आली, भिंतीवरच्या रुळांवर उभ्या असलेल्या विजेच्या इंजिनांनी ती ताणून धरली, घंटा वाजली आणि जहाज सरकायला लागलं. पनामा कालव्याच्या जुन्या लॉकमध्ये हे असंच चालत आलंय. कालव्याची क्रूझ घ्यायची ती मुख्यतः एवढ्यासाठी, असं माझं मत झालं आहे.

तिकीट काढायला बसलं की मात्र हा विषय निघत नाही. पार्शल हवं की फुल, एवढंच विचारतात. पार्शल म्हणजे फ्लोरिडातल्या मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून निघायचं, कॅरिबियन बाजूनं गाटूनच्या तीन पायऱ्या चढून तळ्यात जायचं, तिथूनच वळून त्याच पायऱ्या उतरायच्या आणि दहा-अकरा दिवसांत निघालो त्याच बंदरात परत. फुल म्हणजे सगळा ऐंशी किलोमीटरचा कालवा ओलांडून पॅसिफिकमध्ये बाहेर पडायचं आणि कोस्टा रिका, ग्वाटेमाला, मेक्सिको करत लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगो गाठायचं. त्याला दोन आठवडे किंवा जास्तच लागतात. आधी मुलीच्या कुटुंबाबरोबर आम्ही अर्धा कालवा केला होता आणि नंतर दोघंच पूर्ण गेलो. अमेरिकेतल्या मुलांकडे गेलेल्या ओळखीच्या आई-वडिलांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो, की उत्तर एकदा नीट लिहून टाकावं म्हटलं.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण निवड तिच्यावरच ठरते. दोन महासागर जोडायला जमीन समुद्राच्या पातळीपर्यंत खणावी, असा फ्रेंचांचा बेत होता. १८८१ ते १८८९ या काळात द लेसेप्सच्या कंपनीनं ते करून पाहिलं. सुमारे बावीस हजार माणसं मेली आणि कंपनी बुडाली. अमेरिकनांनी नंतर खणण्याऐवजी पाणीच वर चढवलं. चाग्रेस नदीवर गाटूनला धरण बांधून समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचीवर तळं केलं, आणि जहाजं पायऱ्यांनी तिथवर चढवायची, तिथून उतरवायची, असं ठरवलं. १५ ऑगस्ट १९१४ला कालवा खुला झाला. अटलांटिककडच्या तिन्ही पायऱ्या गाटूनला एका ओळीत आहेत. पॅसिफिककडे पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन. यात पाणी उपसणारा पंप कुठंच नाही. वरच्या तळ्यातलं पाणी भिंतींतल्या बोगद्यांतून उताराच्या जोरावर लॉकच्या हौदात येतं आणि जहाज उचललं जातं. आठ-दहा मिनिटांत भिंतीचा ओला शेवाळी भाग खाली जातो, आपण भिंतीच्या वर येतो आणि मघाशी मान वर करून पाहिलेली इंजिनं खाली दिसायला लागतात. मुंबईच्या इंदिरा डॉकच्या तोंडाशीही लॉक आहे, आणि तो डॉकही १९१४ चाच. पण तिथलं काम भरती-ओहोटी सांभाळण्याचं. इथं जहाजाला डोंगर चढायचा असतो.

इंजिनांना सगळे ‘म्यूल’ म्हणतात, म्हणजे खेचरं. ती जहाज ओढत नाहीत, हे मला तिथं गेल्यावर कळलं. जहाज स्वतःच्याच ताकदीवर चालतं. खेचरांचं काम त्याला मधोमध धरून ठेवणं आणि वेळेला आवरणं. जुन्या हौदाची रुंदी ३३.५ मीटर आणि त्यात जाणाऱ्या सर्वांत रुंद जहाजाची ३२.३. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम साठ सेंटिमीटर. आमचं जहाज जवळजवळ तेवढंच रुंद होतं. खालच्या डेकच्या रेलिंगपाशी उभं राहिलं तर काँक्रीटवरचे जुने ओरखडे मोजता येतात. इथं जहाजाच्या कप्तानाचाही हुकूम चालत नाही. कालव्याचा पायलट चढतो आणि जहाज चालवण्याचा ताबा त्याच्याकडे जातो. दोर हाताळायला कालव्याचीच माणसं येतात. जहाजाचे खलाशी त्या दिवशी बाजूला उभे राहून आमच्यासारखेच फोटो काढत होते.

२६ जून २०१६ला मोठ्या जहाजांसाठी नवी लॉक सुरू झाली: अटलांटिककडे आग्वा क्लारा, पॅसिफिककडे कोकोली. हौद ५५ मीटर रुंद, ४२७ मीटर लांब. तिथं खेचरं नाहीत. पुढे एक आणि मागे एक टगबोट जहाजाला धरते. दरवाजे कवाडांसारखे उघडत नाहीत, बाजूच्या खाचेत सरकत जातात. शेजारी प्रत्येक हौदाला तीन-तीन साठवण तलाव आहेत आणि त्यांमुळे साठ टक्के पाणी पुन्हा वापरता येतं. अभियांत्रिकी म्हणून ही लॉक जुन्यांपेक्षा सरस आहेत. बघणाऱ्याला मात्र भिंत लांब, माणूस लांब, हालचाल संथ. आमच्या ओळखीचं एक जोडपं सतरा-अठरा मजली जहाजातून नव्या लॉकनं पूर्ण कालवा ओलांडून आलं आणि तिथं फारसं बघण्यासारखं काही नव्हतं असं सांगत होतं. त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न पूर्ण की अर्धा हा नाहीच. जहाज केवढं, हा आहे. जाहिरातीत रंगमंच आणि पोहण्याचे तलाव ठळक छापतात. तुम्ही जहाजाची रुंदी शोधा. ३२ मीटरच्या आसपास किंवा कमी असेल तर जुन्या लॉकमधून जाण्याची शक्यता चांगली. त्याहून रुंद असेल तर नव्या लॉकशिवाय मार्गच नाही. तिकिटापूर्वी कंपनीला स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. बाल्कनीच्या खोलीसाठी जादा पैसे मोजायचे असतील तर हेही लक्षात ठेवा, की जुन्या लॉकमध्ये खालच्या बाल्कनीतून हौद रिकामा असताना फक्त भिंत दिसते. खरी जागा पुढच्या उघड्या डेकवर. तिथं पहाटे साडेपाचपासून माणसं रेलिंग धरून उभी असतात.

अर्ध्या प्रवासाची बाजू लोक समजतात त्याहून भक्कम आहे. लॉक दोनदा बघायला मिळतात, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. चढताना सगळं नवं असल्यामुळे नुसती धांदल होते. उतरताना डोळा स्थिर असतो. पाणी कुठून निघतं, दरवाजाची दोन कवाडं मधोमध कोन करून कशी मिटतात आणि पाण्याच्या दाबानंच घट्ट कशी बसतात, हे मला उतरतानाच कळलं. शिवाय परतीचं विमान निघालो तिथूनच. बरोबर लहान मुलं असतील किंवा नोकरीची रजा मोजकी असेल, तर हा फायदा लहान नाही.

एक फसगत मात्र इथं होते. तळ्यात जहाज नांगर टाकतं आणि ज्यांनी सहल घेतली असेल त्यांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. कुणी रेल्वेनं पनामा सिटीकडे जातं, कुणी जंगलात, कुणी आदिवासींच्या गावी. तोवर जहाज लॉक उतरून कोलोनच्या धक्क्याला लागतं आणि सहलवाले संध्याकाळी तिथं चढतात. म्हणजे उतरताना लॉक बघण्याची संधी त्यांच्या हातून जाते. कालवा बघायला आलेल्या माणसानं कालवा सोडून बसमध्ये बसावं, हे मला पटत नाही. त्यातल्या त्यात रेल्वे मी समजू शकते; १८५५ साली ती दोन महासागरांना जोडून मोकळी झाली होती, कालव्याच्या कितीतरी आधी.

मग पूर्ण जाण्यात जास्तीचं काय? तळं ओलांडणं आणि कुलेब्राचा छेद. गाटून तळ्यातली बेटं म्हणजे बुडालेल्या टेकड्यांची डोकी. त्यांतल्या बारो कोलोरादो बेटावर स्मिथसोनियन संस्थेचं संशोधन केंद्र आहे. बोयांनी आखलेल्या वाटेनं जहाज वळत जातं, समोरून मालवाहू जहाजं येतात, ऊन चढतं. बरेच लोक याच वेळी जेवायला खाली जातात. मग गांबोआपाशी चाग्रेस नदी डावीकडून येऊन मिळते, दोन्ही काठ जवळ येतात आणि छेद सुरू होतो.

या साडेबारा-तेरा किलोमीटरसाठी सगळा खटाटोप होता. इथं खंडाचा कणा कापलाय. काठाच्या टेकड्या पायऱ्यापायऱ्यांनी तासलेल्या दिसतात, कारण उतार सरळ ठेवला की तो खाली येतो. कालवा सुरू होऊन जेमतेम वर्ष उलटलं तोच १९१५च्या सप्टेंबरात इथली दरड कोसळली आणि पुढच्या एप्रिलपर्यंत वाहतूक बंद पडली. आजही गाळ काढणारी यंत्रं इथं दिसतात. दरडींचा घाट पावसाळ्यात ओलांडणाऱ्या आपल्या लोकांना हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अर्ध्या प्रवासात हे काहीच नाही. तिथं तळं दिसतं, पण ते कशासाठी केलं हे दिसायचं राहून जातं.

पुढे सेंटेनियल पूल, पेद्रो मिगेलची एक पायरी, छोटं तळं आणि मिराफ्लोरेसच्या दोन. मिराफ्लोरेसचे शेवटचे दरवाजे सगळ्या कालव्यात उंच, कारण पॅसिफिकची भरती-ओहोटी काही मीटरांची असते. कॅरिबियनकडे ती फुटभरही जाणवत नाही. तिथल्या गॅलरीत उभे पर्यटक आपल्याला हात करतात आणि आपण त्यांना. कालव्यावरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्रण इंटरनेटवर दिसतं, त्यामुळे अनेकजण घरच्यांना फोन लावून ‘पिवळा टी-शर्ट माझा’ असं ओरडत असतात. पुण्या-मुंबईचे नातेवाईक यात मागे पडतात: गाटूनला जहाज सकाळी चढतं तेव्हा इकडे संध्याकाळचा चहा चालू असतो, पण मिराफ्लोरेसला दुपारी पोचेपर्यंत इकडे मध्यरात्र उलटलेली असते.

त्यानंतरचा आठवडा मात्र लांबतो. मेक्सिकोच्या किनाऱ्यानं वर जाताना समुद्राचे दिवस बरेच आहेत. वाचायची सवय नसेल, तर माणूस कंटाळतो. दिशा निवडता आली तर फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाकडे जा. घड्याळ मागे करत जावं लागतं आणि अधूनमधून तासभर जास्त झोप मिळते. उलट दिशेनं तेच तास कापले जातात. पूर्ण प्रवासाची जहाजं मुख्यतः वसंतात आणि शरदात असतात, कारण अलास्काचा हंगाम गाठायला किंवा संपवून कॅरिबियनला परतायला त्यांना तसंही इकडून जावं लागतं.

पनामा सिटीला विमानानं जाणाऱ्यांसाठी तिसरी वाट आहे. तिथून दिवसभराच्या बोटी निघतात. त्यांचा अर्धा प्रवास मात्र वेगळाच: गांबोआ ते अमादोर, म्हणजे छेद, पेद्रो मिगेल आणि मिराफ्लोरेस. क्रूझच्या अर्ध्यात जे सुटतं तेच यात मिळतं, फक्त गाटून नाही. छोटी बोट पुष्कळदा मोठ्या मालवाहू जहाजाबरोबर एकाच हौदात घालतात, आणि पाण्याच्या पातळीवरून तो प्रकार बघणं काही औरच.

पाण्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. जुन्या लॉकमधून एक जहाज पार होताना सुमारे वीस कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, आणि याच तळ्याचं पाणी पनामा सिटी आणि कोलोन पितात. २०२३ साली एल निनोनं पाऊस हटला, तेव्हा रोज जाणाऱ्या जहाजांची संख्या छत्तिसावरून बावीसपर्यंत खाली आणावी लागली. अर्ध्या प्रवासात पाणी निम्मं लागतं असंही नाही. चढताना लागतं, उतरतानाही लागतं.

माझा निकाल असा. आयुष्यात एकदाच जाणार असाल आणि पंधरवडा हाताशी असेल, तर पूर्ण जा, जुन्या लॉकमधून. पण निवड जर मोठ्या जहाजातला पूर्ण कालवा आणि लहान जहाजातला अर्धा यांतच करायची असेल, तर मी अर्धा घेईन.

आणि तिकिटाआधी दोन कागद. अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा हवा, कारण अर्ध्या प्रवासातही तुम्ही देशाबाहेर जाऊन परत येता. दुसरा यलो फिव्हरच्या लशीचा दाखला. कालवा खणताना या तापानं आणि मलेरियानं माणसं नेली. अमेरिकन डॉक्टर गॉर्गस यांनी डासांविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा, १९०४ मध्ये, सिकंदराबादेत मलेरियाचा डास पकडणारे रोनाल्ड रॉसही पनामाला जाऊन आले होते. आता तिथं पर्यटकाला सहसा काही होत नाही, पण यलो फिव्हरच्या देशांच्या भारताच्या यादीत पनामा आहे, आणि वाटेत थांबलात तर कोलंबियाही. तिथून निघून सहा दिवसांच्या आत दाखल्याविना भारतात उतरलात, तर विलगीकरणात ठेवू शकतात. पूर्ण प्रवासात लॉस एंजेलिसला पोचेपर्यंत हे दिवस बहुधा उलटून जातात. अर्ध्या प्रवासात फ्लोरिडाहून थेट मुंबईचं विमान धरलं तर उलटत नाहीत. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो आणि जन्मभर चालतो. साठी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि लस सरकारमान्य केंद्रातच घ्या.