लाए ते माउंट हेगन : डोंगरी मुलखातील सफर आणि व्यापाऱ्याने घ्यावयाची खबरदारी

कापडाच्या निर्यातीत आपले व्यापारी बंधू सहसा दुबई, मोम्बासा, दार-ए-सलाम यांचाच विचार करतात. पापुआ न्यू गिनीचे नाव फार थोड्यांच्या वहीत असेल. परंतु तेथील बायका 'मेरी ब्लाउज' नावाचा सैल, चुणीदार, रंगीबेरंगी छापाचा झगा घालतात आणि स्त्री-पुरुष दोघेही कमरेला 'लॅपलॅप' गुंडाळतात. म्हणजे छापील कापडाला तेथे कायम गिऱ्हाईक आहे. आमच्या पेढीने तेथे माल पाठविला आणि २०१६ मध्ये वसुलीसाठी आम्हाला स्वतः जावे लागले. त्या सफरीत जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत. डोंगरी मुलखात धंदा करणाऱ्या कोणालाही यातील बऱ्याच गोष्टी लागू पडतील.

रस्ता कसा आहे?

पापुआ न्यू गिनी हा देश १६ सप्टेंबर १९७५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या अमलातून स्वतंत्र झाला. राजधानी पोर्ट मोर्स्बी, परंतु राजधानीतून डोंगरी प्रांतांकडे जाणारा रस्ताच नाही. एक तर विमानाने जा, नाही तर लाए बंदरात उतरून 'हायलँड्स हायवे' धरा. डोंगरातील गोरोका, कुंडियावा, माउंट हेगन या गावांचे डिझेल, तांदूळ, सिमेंट, कापड सारे याच एका रस्त्याने वर चढते आणि तेथील कॉफी याच रस्त्याने खाली उतरते. दुसरी वाट नाही. म्हणून हा रस्ता बंद पडला की लाखो लोकांचा बाजार बंद पडतो.

लाए ते माउंट हेगन अंतर सुमारे ४५० किलोमीटर. सुरुवातीला मार्कहॅम नदीचे सपाट खोरे, मग कसाम घाट, पुढे काइनांटू आणि गोरोका. गोरोकानंतर डाउलो घाट लागतो. त्याची उंची सुमारे २,४७८ मीटर. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अंदाज येईल. माउंट हेगनचा बाजारच मुळी कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर भरतो. डाउलो उतरल्यावर सिम्बू प्रांत येतो. येथील डोंगर ठिसूळ असून पावसाळ्यात दरड कोसळणे व रस्ता खचणे नेहमीचेच आहे.

या मुलखाची बाहेरच्या जगाशी ओळखही फार जुनी नाही. माउंट हेगनजवळच्या वाघी खोऱ्यात लाखो लोक राहतात, हे बाहेरच्यांना १९३३ मध्ये कळले. देशात ८०० हून अधिक भाषा बोलल्या जातात. एका भाषेचे लोक एकमेकांना 'वांटोक' म्हणतात, म्हणजे एक बोलीवाले. आपल्याकडे बिरादरीचे जे वजन, तेच तेथे वांटोकचे. रस्त्यावरची सलामती पोलिसांपेक्षा या नात्यावर जास्त अवलंबून असते, हे आम्हाला उशिरा समजले.

आमचा अनुभव

माउंट हेगनच्या दुकानदाराने एका कंटेनरच्या रकमेपैकी एक तृतीयांश रोखून ठेवली होती. त्याची तक्रार अशी की गठडी भिजलेली आली आणि रंग एकमेकांत उतरला. आमचे म्हणणे होते की माल भिवंडीतून कोरडा निघाला आणि लाए बंदरात कंटेनर उघडला तेव्हाही कोरडा होता. मग पाणी लागले कोठे? विमानाने हेगन गाठणे सोपे होते, परंतु ज्या रस्त्याने माल गेला तो पाहिल्याशिवाय या भांडणाचा निकाल लागणार नाही असे वाटले, म्हणून गाडी केली.

ऑगस्टचा महिना होता. देशाच्या बऱ्याच भागांत डिसेंबर ते एप्रिल पाऊस असतो, पण लाएचे उलटे आहे. तेथे वर्षाच्या मध्यावर सर्वांत जास्त पाऊस कोसळतो. सकाळी सहाला निघालो. खड्डे, चिखल आणि ट्रकांच्या रांगा यांतून गोरोका गाठेपर्यंत दुपारचे दोन वाजले. पुढे चार-पाच तासांचा रस्ता होता. हेगनच्या दुकानदाराला दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिलेली होती. आम्ही ड्रायव्हरला गाडी काढण्यास सांगितले. त्याने सरळ नकार दिला. त्या देशात बाराही महिने संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि अंधारात डाउलो व सिम्बू ओलांडणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही जास्त पैशाचे आमिष दाखविले, नंतर आवाजही चढविला. तो ऐकेना.

रागारागाने भिवंडीला फोन लावला. म्हटले, "भाईजान, ड्रायव्हर कामचोर निघाला, दिवस वाया घालवतो आहे." भाईजान थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तो त्या रस्त्यावर रोज जातो, तू आज पहिल्यांदा जातो आहेस. वसुली उद्या होईल. त्याचे ऐक." रात्र गोरोकात काढली.

सकाळी डाउलो उतरल्यावर ट्रकांची लांब रांग दिसली. रात्री दरड आली होती. अडकलेल्या दोन गाड्यांना लुटारूंनी गाठले होते. एका ड्रायव्हरचा हात मोडला होता आणि तो रस्त्याच्या कडेला हाताला फडके बांधून बसला होता. आमच्या ड्रायव्हरने त्याला पाणी दिले, आपल्याजवळचे खाणे दिले आणि परत येऊन काही न बोलता गाडीत बसला. आदल्या दिवशी आम्ही त्याला जे बोललो होतो त्याची शरम वाटली. तशी आम्ही त्याची माफीही मागितली.

त्याच रांगेत आमच्या भांडणाचा निकालही लागला. उघड्या ट्रकांवर फाटकी ताडपत्री टाकलेली, खाली लाकडी फळ्या नाहीत, आणि ट्रक एक-एक, दोन-दोन दिवस पावसात उभे. खालच्या थराची गठडी भिजणारच. आमचा मालही लाएला कंटेनरमधून काढून असाच उघड्या ट्रकातून वर गेला होता. दुकानदार खोटे बोलत नव्हता आणि आम्हीही खोटे नव्हतो. हेगनला पोहोचल्यावर नुकसान निम्मे निम्मे वाटून घेतले आणि व्यवहार पुढे चालू राहिला.

रस्त्यावर पाळावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट : अंधारात प्रवास करू नये. पहाटे उजाडताच निघावे, दुपारी तीनपर्यंत मुक्काम गाठावा. पोहोचणे शक्य नसेल तर अलीकडेच थांबावे. मुक्कामाची जागा आधी ठरवून ठेवावी.

दुसरी : एकटी गाडी नेऊ नये. तेथील ट्रकवाले काफिला करून चालतात व काचांवर लोखंडी जाळी बसवितात. दोन गाड्या असल्या तर एक बिघडली तरी माणसे अडकून राहत नाहीत.

तिसरी : ड्रायव्हर त्याच वाटेवरचा, तेथील बोली जाणणारा असावा आणि त्याचा शब्द शेवटचा मानावा. गाडीचे भाडे ठरविताना मुक्कामाचे पैसे आधीच धरावेत, म्हणजे थांबण्याची वेळ आल्यास पैशाचा मोह आड येत नाही.

चौथी : ठिकठिकाणी गावकरी खड्डे बुजवून पैसे मागतात, कोठे दोर बांधून गाडी अडवितात. हुज्जत घालू नये. किनाच्या लहान नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात व बोलणे ड्रायव्हरवर सोपवावे. मोठी रोकड जवळ बाळगूच नये. वसुली बँकेमार्फत घ्यावी. लुटारूने अडविलेच तर माल द्यावा, जीव वाचवावा.

पाचवी : डुक्कर तेथे केवळ जनावर नाही. लग्नात आणि भांडण मिटविताना तेच धन म्हणून दिले जाते. गाडीखाली डुक्कर आले तर मोठी भरपाई मागितली जाते. माणसाला धक्का लागला तर जमाव जागच्या जागी सूड घेऊ शकतो. म्हणून तेथे अपघातानंतर थेट जवळचे पोलीस ठाणे गाठून खबर देण्याचा सल्ला दिला जातो. सर्वांत बरे हे की वस्तीतून गाडी सावकाश न्यावी.

सहावी : निघण्यापूर्वी मुलखाची हवा पाहावी. फेब्रुवारी २०१८ मध्ये ७.५ तीव्रतेच्या भूकंपाने हेला व सदर्न हायलँड्स प्रांतांतील रस्ते दरडींखाली गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एंगा प्रांतात टोळ्यांच्या लढाईत ५० च्या आसपास माणसे मारली गेली. त्याच प्रांतात २४ मे २०२४ रोजी यांबाली गाव दरडीखाली गाडले गेले व पोर्गेरा खाणीचा रस्ता तुटला. २०२२ च्या निवडणुकीत डोंगरी भागात हिंसाचार झाला. निवडणूक दर पाच वर्षांनी होते, त्या महिन्यांत जाणे टाळावे. ऑस्ट्रेलिया सरकार आपल्या प्रवाशांसाठी सूचना काढते त्या वाचाव्यात आणि पोर्ट मोर्स्बी येथील भारतीय उच्चायुक्तालयात आपले नाव-पत्ता नोंदवावा.

सातवी : लाए व मार्कहॅम खोऱ्यात मलेरिया आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू कराव्यात, मच्छरदाणी न्यावी. डाउलोवर थंडी असते, तेव्हा एक गरम कपडा, दोन दिवसांचे पाणी व खाणे गाडीत असावे.

मालाचा विमा व सौद्याची अट

आता पैशाचे बोलू. सी. आय. एफ. लाए या अटीवर माल विकला म्हणजे जहाजावर चढल्यानंतरची जोखीम कागदावर खरेदीदाराची असते. पण माल ९० दिवसांच्या उधारीवर दिला असेल तर डोंगरात बुडालेला माल शेवटी आपल्याच उधारीत बुडतो. म्हणून विमा बंदरापर्यंत नव्हे, खरेदीदाराच्या गोदामापर्यंत घ्यावा. आणि 'ए' कलमाचा, सर्व जोखमींचा विमा घेतला तरी दंगा, संप व जमावाने केलेली नासधूस त्यात धरलेली नसते. त्यासाठी संप-दंगलीचे वेगळे कलम जोडून घ्यावे लागते. ते आहे की नाही, हे पॉलिसी हातात येताच पाहावे.

गठडीला आतून प्लॅस्टिकचे अस्तर द्यावे, गठडी लहान बांधावी म्हणजे हाताने उतरविता येते. गडद व फिकट छाप एका गठडीत बांधू नये. ट्रकवाल्याशी ठरवितानाच खाली फळ्या व वर दुहेरी ताडपत्री लिहून घ्यावी. २०१६ नंतर आम्ही हेच केले आणि भिजल्याची तक्रार पुन्हा आली नाही.

२०१७ मध्ये आशियाई विकास बँकेने या रस्त्याच्या दुरुस्तीसाठी मोठे कर्ज मंजूर केले. रस्ता सुधारेल तसा व्यापारही वाढेल. परंतु चांगल्या रस्त्यावरही रात्र रात्रच असते. व्यापाऱ्याची घाई आम्ही समजू शकतो, कारण ती आमच्याही अंगात आहे. तरीही सांगतो : गोरोकात वाया गेलेला तो एक दिवस आमच्या हिशेबात आजही नफ्याच्या बाजूला लिहिलेला आहे.