गोल भोक लंबगोल का होतं?

विदर्भात, शेलूबाजारकडच्या उन्हाळ्यात दाराच्या फळ्यांत फट पडते आणि पावसाळ्यात तेच दार चौकटीत अडकतं. लाकडाचं शाईपेन कातणाऱ्यापुढेही हाच पेच असतो, फक्त मिलिमीटरच्या अंशात. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं आकसतं. त्यातही वाढवलयांच्या दिशेनं त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. म्हणून लेथवर गोल पाडलेलं भोक हवा बदलली की किंचित लंबगोल होतं, आणि टोपण अडकतं. नुसत्या लाकडात पाडलेले बारीक आटेही लवकर झडतात. उपाय साधा: आत पितळेची किंवा ॲक्रिलिकची नळी चिकटवायची.

अख्खं पेनच ॲक्रिलिकचं कातायचं तर दुखणं वेगळं. ॲक्रिलिक सगळ्या दिशांनी सारखं, पण १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. ड्रिल घाईनं रेटलं की कीस वितळून भोकातच चिकटतो. थोडं आत, पुन्हा बाहेर, असंच चालवावं लागतं; इथे उतावळ्याचं काम नाही.

पुण्याच्या फॉस्फरसारखे छोटे निर्माते अशी पेनं हातानं घडवतात. निब मात्र लेथवर होत नाही. ती पत्र्यातून कापून, दाबून, मधोमध चिरावी लागते. बहुतेक कारागीर ती विकतच घेतात. निब बनवणारी कॅनराइट ही कंपनी तर नागपुरातच आहे.