जुन्या गाडीला नवे इंजिन

गावातला भाजीपाला बाजाराला जातो. दूध डेअरीला जाते. लग्नाचे वऱ्हाड परगावी जाते. हे सारे ज्या लहान गाडीतून जाते, तिला आपण टेंपो म्हणतो. हे नाव कोठून आले? जर्मनी देशात टेंपो नावाच्या गाड्या करणारी एक कंपनी होती. तिच्या साहाय्याने आपल्याकडे बजाज टेंपो या कंपनीने तीन चाकी गाड्या काढल्या. लोक त्या गाडीला टेंपो म्हणू लागले. पुढे कोणत्याही लहान मालगाडीला तेच नाव पडले.

याच कंपनीने मॅटाडोर नावाची चार चाकी गाडी काढली. महाराष्ट्रात ती खेडोपाडी पोचली. २००५ साली या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. मॅटाडोर आता बनत नाही. पण अशा जुन्या गाड्या काही ठिकाणी अजून राबत आहेत.

जुन्या गाडीचे एक असते. बॉडी धड असते, पाटे धड असतात, पण इंजिन थकलेले असते. चढ आला की गाडी धापा टाकते. मग कोणीतरी सल्ला देतो, "अहो, आताचे नवे डिझेल इंजिन टाका. घोड्यासारखी पळेल."

सल्ला ऐकायला गोड लागतो. पण टाकावे की न टाकावे? टाकल्यास काय काय करावे लागते? ते आज आपण समजून घेऊ.

डिझेल इंजिन कसे चालते?

रुडॉल्फ डिझेल नावाचा एक जर्मन इंजिनियर होता. त्याने १८९७ साली आपले इंजिन चालवून दाखवले. त्याच्याच नावावरून इंजिनाला व तेलाला डिझेल हे नाव मिळाले.

सायकलीत हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात हीच युक्ती आहे. दट्ट्या म्हणजे पिस्टन वर येतो आणि हवा दाबतो. जुन्या डिझेल इंजिनात ती वीस-एकवीस पट दाबली जाते. हवा इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो पेट घेतो. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. डिझेलला लागत नाही.

फवारा सोडणाऱ्या तोटीला नोझल म्हणतात. नोझलला दाबाने तेल पुरवणाऱ्या यंत्राला पंप म्हणतात. हे दोन शब्द ध्यानात ठेवा. पुढे कामाला येतील.

आधी रोग ओळखा

वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. गाडीचेही तसेच आहे. गाडी ओढत नाही, म्हणजे इंजिन मेले, असे समजू नका. धूर पाहा. धूर पुष्कळ सांगतो.

धूर काळा असेल, तर डिझेल पुरते जळत नाही. हवेची जाळी तुंबली असेल, नोझल बिघडले असेल, किंवा गाडीत ओझे फार असेल. हे दोष थोड्या खर्चात जातात.

धूर निळसर असेल, तर इंजिनातले ऑइल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजले असतील.

धूर पांढरा असेल आणि इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, किंवा पाणी आत शिरते आहे.

शहाणा मिस्त्री दाब मोजण्याचे घड्याळ लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहतो. हे काम लहान आहे. ते केल्यावाचून इंजिन बदलण्याची गोष्ट काढू नये. पुष्कळदा पंप आणि नोझल दुरुस्त केले, की तेच इंजिन पुन्हा कामाला लागते.

नवे म्हणजे कोणते?

इंजिन खरोखरच गेले आहे, असे ठरले. आता तीन वाटा आहेत.

पहिली वाट, तेच इंजिन पुन्हा बांधून घेणे. बोअर करावे, पिस्टन-रिंगा नव्या घालाव्या, बेअरिंगे बदलावी.

दुसरी वाट, त्याच कंपनीचे, त्याच जातीचे चांगले इंजिन आणून बसवणे.

तिसरी वाट, अगदी आताच्या जातीचे इंजिन बसवणे.

तिसरी वाट सर्वांना खुणावते, म्हणून तिच्याविषयी जरा जास्त सांगू.

बजाज टेंपो कंपनी मर्सिडीजच्या आराखड्याचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बनवीत असे. ते २.४ लिटरचे होते. त्याचा पंप चाकांवर आणि दांड्यांवर चाले. त्याच्या नोझलला सुमारे ११५ ते १२५ बार दाब लागे. बार हे दाबाचे माप आहे. लहान मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार हवा असते, यावरून अंदाज करा. असे इंजिन खेड्यातला मिस्त्रीही खोलू शकतो.

आताचे इंजिन वेगळे. त्याला कॉमन रेल म्हणतात. एका जाड नळीत डिझेल भयंकर दाबाने साठवलेले असते. हा दाब हजार बारच्याही वर जातो. तेल केव्हा सोडायचे आणि किती सोडायचे, हे एक लहान संगणक ठरवतो. तो इंजिनावर बसवलेल्या कळींकडून खबर घेतो. इंजिन किती तापले, किती वेगाने फिरते, हवा किती आली, हे सारे त्याला तारांतून कळते. म्हणून त्या इंजिनात डिझेल नेमके जळते. त्याला ताकद जास्त आणि धूर कमी.

पण हे इंजिन एकटे आणले तर उपयोग नाही. त्याचा संगणक, त्याच्या तारांचे जुडगे, त्याच्या सर्व कळी बरोबर आणाव्या लागतात. त्यातली एखादी मुख्य कळ राहिली, तर इंजिन उठतच नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज ६ हा नियम लागू झाला. त्यानंतरच्या डिझेल इंजिनांच्या धुराड्याला काजळी अडवणारी गाळणीही असते. तीही त्याच संगणकाला बांधलेली.

एक धोका येथेच सांगून ठेवतो. कॉमन रेलची नळी कोठे गळते, हे बोटाने चाचपून पाहू नका. त्या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते. असे झाले तर जखम लहान दिसली तरी ताबडतोब डॉक्टरकडे जावे.

इंजिनाबरोबर काय काय बदलते?

म्हाताऱ्या गाडीला तरणा बैल जुंपला, तर काय होते? बैल ओढतो. पण जू कुरकुरते, आख वाकतो, चाक ढिले होते. मोटारीचेही तसेच आहे.

इंजिन ज्या रबरी पायांवर बसते, त्यांना मिस्त्री फाउंडेशन म्हणतात. नव्या इंजिनाचे पाय जुन्या जागी बसत नाहीत. नवे पाय वेल्डिंगने बसवावे लागतात. ते वाकडे बसले, तर गाडी थरथरते आणि वेल्डिंग तुटते.

जास्त ताकद आधी क्लचवर येते, मग गियरबॉक्सवर, मग चाक फिरवणाऱ्या दांड्यावर. मॅटाडोरची तर पुढची चाके ओढतात. म्हणजे ओढण्याचा आणि वळण्याचा भार त्याच चाकांच्या जॉइंटांवर पडतो.

जाळलेल्या डिझेलची सारी शक्ती चाकांना मिळत नाही. ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कामाला येतो. उरलेली उष्णता काही पाण्यावाटे, काही धुरावाटे जाते. मोठ्या इंजिनाची उष्णता मोठी. जुना रेडिएटर तिला पुरत नाही. चढावर पाणी उकळते आणि नवे इंजिनही जाते.

डिझेलची टाकी जुनी असते. तिच्यात गंज असतो, पाणी असते. जुन्या पंपाला थोडा कचरा सोसवे. नव्याला सोसत नाही. टाकी धुवावी किंवा बदलावी, आणि पाणी वेगळे करणारे फिल्टर बसवावे.

ब्रेकला विसरू नका

आता सर्वांत मोलाची गोष्ट सांगतो. इंजिन गाडीला पळवते. माणसाला घरी परत आणतो तो ब्रेक.

चाळीसच्या वेगाने जाणारी गाडी साठने जाऊ लागली. वेग दीडपट झाला. पण ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दीडपट होत नाही. ते सव्वादोन पट होते. चाळीसला जी गाडी २० मीटरात थांबे, तिला आता ४५ मीटर लागतात. ड्रम तेच, चाके तीच, आणि रस्त्यावरचे पोरही तेच.

दुसरी गोष्ट. पुष्कळ गाड्यांच्या ब्रेकला बूस्टर असतो. त्यामुळे पाय हलका पडतो. बूस्टर चालतो तो हवा काढून घेतलेल्या पोकळीवर. डिझेल इंजिनात ही पोकळी पुरेशी तयार होत नाही. म्हणून ती करणारा लहान पंप वेगळा असतो. त्याला व्हॅक्यूम पंप म्हणतात. काही गाड्यांत तो डायनामोच्या पाठीवर असतो, काहींत थेट इंजिनावर.

समजा, जुने इंजिन उतरवले आणि त्याच्याबरोबर हा पंपही उतरला. नव्या इंजिनाला तो नाही, किंवा त्याची नळी जोडायची राहिली. सपाट गावात गाडी चालवून पाहिली. सारे ठीक वाटले. दुसऱ्या दिवशी गाडी कांद्याच्या गोण्या भरून घाट उतरू लागली. ड्रायव्हरने पाय दिला, तर ब्रेक दगडासारखा कठीण! आता सांगा, त्या नव्या इंजिनाचा काय उपयोग?

म्हणून इंजिन बदलल्यावर ब्रेकची परीक्षा आधी रिकाम्या गाडीत घ्यावी, मग भरलेल्या गाडीत. आणि घाटाचा जुना नियम पाळावा. ज्या गियरात घाट चढतो, त्याच गियरात उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी कधीही सोडू नये.

कागदाची बाजू

प्रत्येक इंजिनावर एक नंबर कोरलेला असतो. तोच नंबर गाडीच्या आर. सी. पुस्तकात लिहिलेला असतो. इंजिन बदलले की नंबर बदलला.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ५२ वे कलम आहे. कारखान्याने दिलेल्या मूळ माहितीत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये, असे ते सांगते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच कंपनीचे, त्याच जातीचे इंजिन बसवायचे असेल, तर वाट सोपी असते. तरीही आधी आर. टी. ओ. कचेरीची परवानगी घ्यावी, मग काम करावे. काम झाल्यावर १४ दिवसांच्या आत कचेरीला कळवून नोंद करून घ्यावी. परक्या जातीचे इंजिन असेल, तर ते चालेल की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच कचेरीत विचारावे. मिस्त्रीच्या "होऊन जाईल" यावर विसंबू नये.

भंगार बाजारातून इंजिन घेताना विकणाऱ्याची सही-शिक्क्याची पावती घ्या. तीवर इंजिनाचा नंबर लिहून घ्या. चोरीचे इंजिन निघाले, तर पोलीस तुमच्याच दारी येतील. गाडीवर बँकेचे कर्ज असेल, तर बँकेची लेखी संमती घ्या. विमा कंपनीलाही कळवा.

हे का करायचे? अपघात काही सांगून येत नाही. कागदावरचा नंबर एक आणि इंजिनावरचा दुसरा निघाला, तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते. मग भरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर, शेतावर येऊ शकतो.

हिशोब मांडा

आपल्यात म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नुसत्या इंजिनाची किंमत ऐकून भुलू नका. पाटी-पेन्सिल घ्या आणि एकाखाली एक लिहा. इंजिन, संगणक व तारा, फाउंडेशन, क्लच, रेडिएटर, टाकीचे काम, ब्रेकचे काम, मजुरी, कचेरीची फी. गाडी उभी राहील त्या दिवसांचे बुडालेले भाडेही लिहा. मग बेरीज करा. बेरजेशेजारी गाडीची आजची किंमत लिहा. बेरीज मोठी निघाली, तर उत्तर तुम्हांला मिळालेच.

आमचे मत विचाराल, तर आधी पंप-नोझल पाहावे. मग जुने इंजिन बांधता येते का ते पाहावे. तेही जमत नसेल, तर त्याच जातीचे इंजिन घालावे. परके इंजिन हा शेवटचा मार्ग. ते सुद्धा ब्रेक आणि कागद पक्के होत असतील तरच.

तुम्हांला आता लिहिता-वाचता येते. इंजिनावरचा नंबर तुम्ही स्वतः वाचा आणि पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहा. पावती स्वतः वाचून मगच पैसे द्या.

विचार करा

१. धूर निळसर असेल, तर त्याचा अर्थ काय?
२. वेग दीडपट झाला, तर थांबण्याचे अंतर किती पट होते?
३. तुमच्या गावातील एखाद्या गाडीच्या मालकाला विचारून आर. सी. पुस्तक पाहा. त्यात इंजिनाचा नंबर कोठे लिहिला आहे, तो वाचून दाखवा.