सदाफुलीचे औषध झाले कसे?

सदाफुलीची ओळख करून देण्याची गरज नाही. शाळेच्या कुंपणाशी, परसात, पडक्या भिंतीच्या फटीत ती उगवते आणि वर्षभर फुलत राहते. पाने कडू असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. ती मूळची मादागास्कर बेटावरची. तिचे शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझिअस असले तरी पूर्वी तिला विंका रोझिआ म्हणत. त्यामुळे तिच्यातून मिळणाऱ्या औषधांना आजही विंका अल्कलॉइडे असेच म्हटले जाते.

या झाडात कर्करोगावरचे औषध आहे, हे आता पुष्कळांच्या कानावर आलेले असते. ते खरेही आहे. पण त्यावरून काही जण पुढचे अनुमान काढतात, की रोज पाने चावून खाल्ली म्हणजे कर्करोग होणार नाही किंवा झालेला बरा होईल. हे अनुमान चुकीचे आहे आणि धोक्याचेही आहे. गावात एखाद्या घरी असे दुखणे आले, की शिक्षकांना हमखास विचारले जाते, ‘गुरुजी, हे खरे का हो?’ उत्तर नीट देता यावे म्हणून झाडातले द्रव्य आणि इस्पितळातले औषध यांच्यामध्ये प्रयोगशाळेत काय काय घडते, हे आपण पाहू.

शोध मधुमेहाच्या औषधाचा

गोष्ट सुरू होते ती कर्करोगापासून नव्हे, मधुमेहापासून. जमैका बेटावर सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर देत असत. १९५२ मध्ये तेथून काही पाने कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. त्यांनी ती आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे पाठवली. रॉबर्ट नोबल वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधन करीत होते.

नोबल यांच्या प्रयोगशाळेत पानांचा अर्क प्रयोगासाठी पाळलेल्या उंदरांना तोंडावाटे देण्यात आला. रक्तातील साखर कमी झाली नाही. मग अर्क टोचून देण्यात आला. साखर तरीही उतरली नाही, परंतु काही दिवसांतच उंदीर मरू लागले. मेलेल्या उंदरांच्या शरीरात जागोजागी जंतुसंसर्गाचे गळू आढळले.

प्रयोग फसला, अर्क विषारी निघाला, असे म्हणून वही मिटता आली असती. नोबल यांनी पुढचा प्रश्न विचारला. हे जंतू एरवी या उंदरांना मारत नाहीत, मग आताच का मारले? रक्त तपासल्यावर उत्तर मिळाले. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या फार घटली होती, कारण जेथे त्या तयार होतात ती अस्थिमज्जाच मंदावली होती.

आता विचाराची दिशा बदलली. ल्युकेमिया म्हणजे रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. पांढऱ्या पेशी घटवणारा पदार्थ तेथे उपयोगी पडेल का? या प्रश्नाला आधारही होता. पांढऱ्या पेशी घटवणारे नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर वापरून पाहिले गेले होते आणि गाठी काही काळ ओसरल्या होत्या.

अर्क म्हणजे औषध नव्हे

सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइडे आहेत. त्यांपैकी नेमके कोणते काम करते? १९५४ मध्ये नोबल यांना रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर येऊन मिळाले. त्यांची पद्धत आजही नैसर्गिक द्रव्यांच्या संशोधनात वापरली जाते. अर्काचे रासायनिक रीतीने भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदराला टोचायचा आणि पांढऱ्या पेशी मोजायच्या. ज्या भागाने पेशी घटतील तो ठेवायचा आणि त्याचे पुन्हा भाग पाडायचे. असे करत करत १९५८ मध्ये एक शुद्ध, स्फटिकरूप द्रव्य हाती आले. त्याचे नाव पुढे व्हिन्ब्लास्टिन असे रूढ झाले. त्याच वर्षी नोबल, बिअर आणि कट्स यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच योगायोगाने झालेल्या निरीक्षणांचा उल्लेख आहे.

याच सुमारास अमेरिकेत एली लिली या औषध कंपनीत गॉर्डन स्वोबोडा आणि त्यांचे सहकारी अनेक वनस्पतींचे अर्क ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर तपासत होते. सदाफुलीचा अर्क दिलेले उंदीर अधिक काळ जगले. या गटाने दुसरे द्रव्यही वेगळे केले. ते व्हिन्क्रिस्टिन. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापराला मान्यता मिळाली.

या दोन द्रव्यांतला फरक रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावा. व्हिन्ब्लास्टिनच्या रेणूत एका नायट्रोजनला मिथिल गट जोडलेला असतो. व्हिन्क्रिस्टिनमध्ये त्याच जागी फॉर्मिल गट असतो. आठशेहून अधिक रेणुभार असलेल्या रेणूत एवढाच बदल. पण पहिले द्रव्य मुख्यतः अस्थिमज्जेला त्रास देते, तर दुसरे मुख्यतः मज्जातंतूंना. दोन्ही औषधे सारख्या रोगांवर आणि सारख्या मात्रेत चालतही नाहीत.

पेशीत नेमके काय घडते?

कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी आपण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली असते. पेशी विभागताना गुणसूत्रे मध्यावर येऊन ओळीत उभी राहतात आणि तुर्कतंतू त्यांना दोन टोकांकडे ओढून नेतात. हे तुर्कतंतू सूक्ष्मनलिकांचे बनलेले असतात आणि प्रत्येक नलिका ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या असंख्य कणांची असते. विटेवर वीट रचावी तसे हे कण टोकाला जोडले जातात आणि गरज संपली की सुटतातही.

विंका अल्कलॉइडे या विटांनाच चिकटतात. नलिका नीट उभी राहत नाही, तुर्कतंतू तयार होत नाहीत. गुणसूत्रे विभागणीच्या तयारीत येतात, पण त्यांना ओढून नेणारे कोणी नसते. पेशी मध्यावस्थेतच अडकून पडते आणि बहुधा मरते. गंमत अशी, की पॅसिफिक यू या झाडापासून मिळालेले टॅक्सॉल हे औषध नेमके उलटे काम करते. ते नलिका इतकी पक्की करते, की विटा सुटूच शकत नाहीत. हे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. नलिका बांधू न देणे आणि मोडू न देणे, दोन्हींनी विभाजन थांबते.

औषधाचे दुष्परिणामही यावरूनच समजतात. अस्थिमज्जा, केसांची मुळे, आतड्याचे अस्तर येथील निरोगी पेशीही सतत विभागत असतात, म्हणून त्यांनाही झळ पोचते. मज्जातंतूच्या पेशी विभागत नाहीत, मग व्हिन्क्रिस्टिनने हातापायांना मुंग्या का येतात? कारण मज्जातंतूच्या लांबलचक धाग्यात मालाची ने-आण सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरूनच होते. रूळ उखडले की वाहतूक अडते. म्हणून हे औषध शिरेतूनच आणि अतिशय जपून देतात. चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात टोचले गेले तर बहुधा मृत्यूच ओढवतो.

बशीतल्या पेशी

आज अशा द्रव्याची पहिली चाचणी बहुधा उंदरावर होत नाही, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर होते. माणसाच्या कर्कपेशी प्रयोगशाळेत अखंड वाढवता आल्या त्या प्रथम १९५१ मध्ये. अमेरिकेतील हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता घेतलेल्या त्या पेशी हेला या नावाने आजही जगभर वापरल्या जातात.

चाचणीची एक रीत सोपी आहे. ९६ लहान खळगे असलेल्या पट्टीत पेशी वाढवतात. निरनिराळ्या खळग्यांत औषधाचे वाढते प्रमाण घालतात. दोनतीन दिवसांनी एक पिवळे रंगद्रव्य टाकतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या पदार्थात रूपांतर करतात, मेलेल्या करीत नाहीत. जांभळा रंग जितका फिका तितक्या जिवंत पेशी कमी. ही रीत मोसमन यांनी १९८३ मध्ये मांडली. रंगाच्या मोजमापावरून आलेख काढतात आणि औषधाच्या किती प्रमाणात निम्मा परिणाम दिसतो ते ठरवतात.

वर्तमानपत्रात ‘अमुक पाल्याने कर्कपेशी मरतात’ अशी बातमी येते, ती अनेकदा या पायरीवरची असते. ती खोटी नसते, पण तिचा अर्थ फार मर्यादित असतो. बशीत पेशी मारणे अवघड नाही. मीठ, व्हिनेगर, स्पिरिट, सगळ्यांनीच पेशी मरतात. शिवाय बशीत यकृत नसते, मूत्रपिंड नसते, रक्तप्रवाह नसतो. पोटात घेतलेले द्रव्य आतड्यातून रक्तात पोचेल का, यकृत त्याचे काय करील, गाठीपर्यंत पुरेसे प्रमाण जाईल का आणि तेवढ्या प्रमाणात निरोगी पेशी तग धरतील का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बशी देत नाही. त्यासाठी आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या कराव्या लागतात. बशीत यशस्वी ठरलेली बहुतेक द्रव्ये या वाटेवर कोठेतरी गळून पडतात.

एकटे औषध पुरत नाही

व्हिन्क्रिस्टिन या सगळ्या पायऱ्या चढले, तरीही त्या एकट्याने ल्युकेमिया बरा होत नव्हता. गाठी, पेशी नाहीशा होत आणि काही महिन्यांनी परत येत. याचे एक कारण १९७६ मध्ये ज्युलिआनो आणि लिंग यांच्या कामातून पुढे आले. काही पेशींच्या आवरणात एक प्रथिन पंपासारखे काम करते आणि आत शिरलेले औषध बाहेर फेकते. असा पंप जास्त असलेल्या थोड्या पेशी वाचतात आणि त्यांचीच संख्या पुढे वाढते.

यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या रीतीने मारा करणारी औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत ल्युकेमियाच्या मुलांना व्हिन्क्रिस्टिनसह चार औषधे एकत्र देण्यास सुरुवात झाली. त्यापूर्वी या रोगाची बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. आज चांगल्या सोयी असलेल्या देशांत सुमारे ९० टक्के मुले वाचतात. आपल्याकडे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची एम्स आणि चेन्नईची कर्करोग संस्था यांनी १९८० च्या दशकात एमसीपी-८४१ हा समान उपचारक्रम स्वीकारला. त्यातही व्हिन्क्रिस्टिन होते. आणखी एक भावंड म्हणजे व्हिनोरेल्बिन. फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या गटाने सदाफुलीतल्या रेणूत फेरफार करून ते बनवले. फुप्फुसाच्या कर्करोगावर ते वापरतात.

मग पाने का खाऊ नयेत?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्हिन्क्रिस्टिनची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात. शरीराच्या एका चौरस मीटर पृष्ठभागाला सुमारे १.४ मिलिग्रॅम आणि एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. पानांत ते इतके थोडे असते, की एक ग्रॅम मिळवायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. म्हणजे मूठभर पानांतून औषधाची मात्रा मिळणे शक्यच नाही. त्यातून तोंडावाटे घेतलेले हे औषध आतड्यातून रक्तात नीट पोचत नाही. उलट पानांतली बाकीची शंभर अल्कलॉइडे मात्र पोटात जातात. त्यांचे प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक बदलते आणि त्यांतली काही विषारी आहेत. कर्करोगाचे औषध मिळत नाही आणि नको ते मिळते, असा हा सौदा आहे.

याहून मोठी हानी वेळेची होते. पाल्यावर विसंबून दोनतीन महिने गेले, तर बरा होण्याजोगा रोग हाताबाहेर जातो. लहान मुलांच्या ल्युकेमियात तर हे फार खरे आहे.

झाडातले प्रमाण इतके कमी असल्यामुळे औषधाचा तुटवडाही पडतो. २०२२ मध्ये अमेरिकेतील जे कीसलिंग यांच्या गटाने यीस्टच्या पेशीत अनेक जनुके घालून व्हिन्ब्लास्टिनचे दोन पूर्वघटक, कॅथरँथिन आणि व्हिन्डोलिन, तयार करून घेतले. ते पुढे प्रयोगशाळेत जोडून औषध बनवता आले. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन ही पुढची पायरी आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

चार सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत १०० मिलिलिटर कोमट पाणी, एक चमचा साखर आणि अर्धा चमचा बेकरीतले यीस्ट घाला. पहिलीत मीठ नको. दुसरीत अर्धा, तिसरीत एक आणि चौथीत तीन चमचे मीठ घाला. तोंडांना सारखे फुगे बसवून तासाभराने किती फुगले ते दोऱ्याने मोजा आणि आलेख काढा. मीठ वाढेल तसा फुगा कमी फुगतो. मग विद्यार्थ्यांना विचारा, ‘यीस्टची वाढ थांबली, तर मग अंगावर बुरशी झालेल्या माणसाला मूठभर मीठ खायला द्यायचे का?’ या प्रश्नावर वर्गात जी चर्चा होईल, तिच्यात बशीतला परिणाम आणि शरीरातले औषध यांतला फरक मुलांना आपोआप सापडेल.

पुढच्या वेळी ‘कर्करोगावर औषध सापडले’ असे वाचनात आले, तर त्यांना चार प्रश्न विचारायला सांगावे. परिणाम कशावर दिसला: बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? किती मात्रेने? निरोगी पेशींचे काय झाले? आणि तुलनेसाठी औषध न दिलेला गट होता का? या प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील, तर ती बातमी वहीत चिकटवावी, उपचार म्हणून घेऊ नये.