जुना संगणक आणि शर्यतीची मोटार

संगणकावर मोटारीची शर्यत खेळणें हा आतां निव्वळ पोरखेळ राहिलेला नाहीं. जॅन मार्डनबरो या तरुणानें २०११ सालीं 'ग्रान टुरिस्मो' या खेळावर आधारलेली जीटी अकॅडमी स्पर्धा जिंकली, आणि २०१३ सालीं तो ल मां येथील चोवीस तासांच्या खऱ्याखुऱ्या शर्यतींत मोटार हांकीत होता. असा छंद घरांत शिरला म्हणजे त्याच्या पाठोपाठ एक मागणीहि येते: जुना संगणक टाकावा व नवा घ्यावा. मध्यम स्थितींतील कुटुंबाला ही मागणी जड जाते. आणि गंमत अशी कीं, पुष्कळदां ती अनाठायींहि असते.

कचेऱ्यांतून निवृत्त झालेले संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत सेकंडहँड मिळतात. डेल कंपनीचा ऑप्टिप्लेक्स ९०२० हा त्यांतलाच एक. २०१३ सालची ही बनावट. आंत चौथ्या पिढीचा, चार कोअरचा आय-५ प्रोसेसर. पत्रव्यवहार आणि हिशेब यांसाठीं घडविलेलें हें यंत्र शर्यतीला जुंपावयाचें, तर शर्यतीचा खेळ यंत्राकडून काय मागतो हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

चित्रपटांतील चित्रें आधींच तयार असतात. खेळांतील प्रत्येक चित्र मात्र त्या त्या क्षणीं नव्यानें काढावें लागतें. २०१४ सालीं पूर्ण स्वरूपांत निघालेल्या 'असेटो कोर्सा' या इटालियन खेळांत मोटारीच्या गतीचें गणित सेकंदाला ३३३ वेळां मांडलें जातें. हें काम प्रोसेसरचें. त्या गणितावरून चित्र रंगविणें हें ग्राफिक्स कार्डाचें काम. सामान्य मॉनिटर सेकंदाला ६० चित्रें दाखवितो, म्हणजे एका चित्राच्या वांट्याला सुमारें १७ मिलिसेकंद येतात. ताशीं १८० किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार तेवढ्या वेळांत ८३ सेंटिमीटर पुढें जाते. एखादें चित्र अडखळलें आणि त्याला ५० मिलिसेकंद लागले, तर मोटार अडीच मीटर गेलेली असते आणि खेळणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. वळणापूर्वीं ब्रेक दाबण्याची नेमकी जागा हुकते ती येथें. म्हणून कधीं ९० तर कधीं ४० अशीं चित्रें देणाऱ्या यंत्रापेक्षां अखंड ६० देणारें यंत्र केव्हांहि श्रेष्ठ. झाडांच्या सावल्या आणि प्रेक्षकांची गर्दी यांवांचून शर्यतीचें कांहींएक अडत नाहीं.

तेव्हां पैसे काढण्यापूर्वीं अडथळा कोठें आहे तें शोधावें. ग्राफिक्स कार्ड आधींपासून असेल, तर रीत अगदीं सोपी आहे. खेळाच्या सेटिंगमध्यें चित्राचें रेझोल्यूशन बरेंच कमी करावें आणि तीच फेरी पुन्हा मारावी. चित्रांची संख्या वाढली, तर कार्ड दुबळें. ती होती तेथेंच राहिली, तर दोष प्रोसेसरकडे. अशा वेळीं महागडें कार्ड आणणें म्हणजे दुखणें पोटांत आणि लेप डोक्याला. टास्क मॅनेजरमध्यें प्रोसेसर ४० टक्केच गुंतलेला दिसतो म्हणून कित्येक जण निश्चिंत राहतात. पण ती सरासरी असते. चारांपैकीं एकच कोअर राबून थकलेला आणि बाकीचे तिघे स्वस्थ, असें सहज घडतें. अशा वेळीं प्रतिस्पर्धी मोटारी वीसांवरून दहावर आणाव्यात. त्याला एक पैहि लागत नाहीं.

मूळच्या ऑप्टिप्लेक्सला बहुधा स्वतंत्र कार्डच नसतें. तेथें पहिला खर्च अर्थात् त्याचाच. येथें खरी अडचण वीजपुरवठ्याची. या संगणकाचा एस.एम.पी.एस. फार तर २९० वॅटचा, आणि त्याची मदरबोर्डला जाणारी जोडणी कंपनीची स्वतःची. बाजारांतला दुसरा एस.एम.पी.एस. त्याला सरळ बसत नाहीं. यास्तव स्लॉटमधूनच मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालणारें कार्ड घ्यावें. २०१६ सालचें जीटीएक्स १०५० टाय अथवा २०१९ सालचें जीटीएक्स १६५० हीं तशीं आहेत, मात्र वेगळी वायर मागणारे त्यांचे प्रकारहि असतात, ते टाळावेत. कॅबिनेट लहान असेल, तर कमी उंचीचेंच कार्ड मावतें. जुन्या चिपवर नवें नांव चढवून विकण्याची लबाडीहि या बाजारांत चालते. 'जीपीयू-झेड' हा फुकट मिळणारा प्रोग्राम दुकानांतच चालवून पाहावा. तशीं पुष्कळशीं बनावट कार्डें तो ओळखतो. दुकानदार याला नाखूष दिसला, तर सौदा तेथेंच सोडावा.

रॅम ८ जीबीची एकच स्टिक असल्यास तितकीच दुसरी जोडावी. डीडीआर-३ जातीची पाहून घ्यावी. एस.एस.डी.नें खेळ लौकर उघडतो, मोटार जलद धांवत नाहीं. प्रोसेसरच कमी पडत असेल, तर त्याच सॉकेटमध्यें बसणारा जुना आय-७ ४७७० पुरेसा आहे. एवढें करूनहि २०१९ सालच्या 'असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने'सारख्या जड खेळांत हें यंत्र धापा टाकील. त्याचा हट्ट धरूं नये.

उरलेला पैसा स्टिअरिंग आणि पेडलें यांवर खर्चावा. वेग कमी होतो तो पायानें, आणि ब्रेकचें पेडल ठाम असल्यावांचून पायाला सवय लागत नाहीं. टेबल हलतें असूं नये. चाकांची खुर्ची ब्रेक दाबतांच मागें पळते, ती भिंतीला टेकवावी.

एक गोष्ट मात्र घरच्या वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादींत नाहींत. असें यंत्र शर्यतीपुरतेंच ठेवावें. बँकेचे व्यवहार आणि कुटुंबाचीं कागदपत्रें दुसरीकडे असावींत.