घरातली न बोललेली गोष्ट कॅमेऱ्यासमोर कशी येते?

डॉक्युमेंट्री संपते, टीव्ही बंद होतो आणि घरात कधीच न निघालेला विषय अचानक निघतो. कुटुंबातल्या गुपितांवरच्या डॉक्युमेंट्रीत असं काय असतं?

'स्टोरीज वी टेल' (2012)
कॅनडाच्या दिग्दर्शिका सारा पॉली 11 वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. मोठेपणी डीएनए चाचणीतून कळलं, की ज्यांनी वाढवलं ते त्यांचे जन्मदाते वडील नाहीत. मग त्यांनी वडील, भावंडं, आईचे मित्र अशा सगळ्यांना एकच गोष्ट सांगायला लावली. प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघाली.

'अबाउट लव्ह' (2019)
अर्चना फडके यांनी मुंबईतल्या स्वतःच्या घरातल्या तीन पिढ्या टिपल्या. इथे मोठा गौप्यस्फोट नाही. घरातल्या लग्नाची तयारी आणि रोजच्या कुरबुरी यांतूनच संसारातलं दुखणं दिसतं. ब्रिटनच्या शेफिल्ड महोत्सवात तिला नवोदितांसाठीचा पुरस्कार मिळाला.

सिंधुदुर्गात अशी कोणती गोष्ट दडली आहे?
मालवण, देवगडकडची कितीतरी घरं मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालायची. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही आणि हजारोंची नोकरी कायमची गेली. काही जण गावी परतले, पण त्या दिवसांबद्दल सगळेच मोकळेपणाने बोलले असं नाही. मनीऑर्डर थांबल्यावर चूल कशी पेटली? कोणाचे दागिने गहाण पडले? कोणाची शाळा सुटली? हे सांगू शकणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे.

मग विचारायचं कसं?
चतुर्थीला चाकरमानी येतात, घर भरतं. तीच चांगली वेळ.

- "तेव्हा नक्की काय झालं?" असं थेट विचारण्यापेक्षा जुना फोटो समोर ठेवावा आणि "हा कधीचा?" एवढंच विचारावं.
- आजी-आजोबांशी वेगवेगळं बोलावं. गोष्ट जुळली नाही तर कोण खोटं बोलतंय ते शोधत बसू नये. दोघांनी ते दिवस वेगळे सोसलेले असतात.
- मोबाइल सुरू करण्याआधी परवानगी घ्यावी. आजी "ह्या नको" म्हणाली, तर फोन खाली ठेवावा आणि नुसतं ऐकावं.
- व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर जाणार की नाही, हे सांगणाऱ्याने ठरवावं.

रील पुढच्या वर्षीही करता येईल. सांगणारं माणूस तेव्हा असेलच, याची खात्री नसते.