परसातली चूल: आधी तीन विटा मांडा, मग पैसे काढा



फाल्गुन संपत आला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कुणीतरी ताई म्हणते, "घरात पत्र्याखाली बसवत नाही. मागं परसात ओटा आणि चूल करावी म्हणते. गटातून किती कर्ज मिळेल?" मी तिला आधी जागा विचारते. जागा कुठली धरलीस? तिथं वारा कुठून येतो? खरकटं पाणी कुठं जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर कर्ज कितीही मिळालं तरी ते वाया जायची भीती असते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी आम्ही परसात चूल केली. एप्रिल महिना होता, कुरडया-पापडाची घाई होती. गवंडी दुसऱ्या कामासाठी गावात आलाच होता, म्हणून त्याला बोलावलं आणि दोन दिवसांत ओटा उभा केला. तोंड पश्चिमेला, कारण तिकडं मोकळं दिसत होतं. मे महिना बरा गेला. जून लागला आणि पावसाची झड थेट चुलीवर आली. मातीची चूल विरघळली, सरपण भिजलं. ओट्याचं पाणी घराच्या पायाशी मुरायला लागलं. पत्र्याच्या पागोळ्या शेजारच्या जाऊबाईंच्या अंगणात पडायच्या, त्यावरून बोलाचाली झाली ती वेगळीच. श्रावणात मी परत आत, त्याच काळ्या भिंतींपाशी स्वयंपाक करत होते. नेमके किती पैसे गेले तेही सांगता येत नव्हतं, कारण लिहून काहीच ठेवलं नव्हतं.

दुसऱ्यांदा चूल केली ती सासूबाईंच्या खोकल्यामुळं. आशाताईंनी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चूल घरात आहे का?" जन्मभर फुंकणी फुंकलेल्या बाईला हा प्रश्न कुणी आधी विचारलाच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरात जळणाऱ्या सरपण-शेणीच्या आणि रॉकेलच्या धुरामुळं २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात चुलीपाशी बसणाऱ्या बाया आणि त्यांच्या मांडीवरची लेकरं यांना धूर सगळ्यात जास्त लागतो.

मात्र चूल बाहेर नेली की धूर संपला असं समजू नका. वारा आपल्या तोंडावर येत असेल तर बाहेर बसूनही धूर नाकातच जातो. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही आधी एक पैसाही खर्च केला नाही. फक्त तीन विटा मांडल्या.

आठ दिवसांची परीक्षा

मनात धरलेल्या जागी तीन विटांची चूल मांडा आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तिथंच चहा करा, भाकरी भाजा, पाणी तापवा. जवळच्या काठीला एक चिंधी बांधा. चिंधी कुठल्या बाजूला उडते ते रोज बघा. धूर घरात शिरतो का, गोठ्यात जातो का, शेजारी जातो का? सकाळी ऊन कुठून येतं, दुपारी सावली कुठं पडते? हंडा घेऊन किती वेळा ये-जा करावी लागते? रात्री उजेड पोचतो का? आठ दिवसांत जागा स्वतःच बोलायला लागते. नाही पटली तर विटा उचलायच्या आणि चार हात पुढं मांडायच्या. त्याला खर्च शून्य.

आठ दिवसांत पावसाळा कळत नाही, तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून झडही बहुतेक तिकडूनच येते. पश्चिम आणि दक्षिण बाजूला कंबरेइतकी भिंत घ्या, पूर्व आणि उत्तर मोकळी ठेवा. परतीचा पाऊस कधी कधी पूर्वेकडूनही झोडपतो, त्यामुळं पत्रा ओट्याच्या पुढं हातभर तरी यायला हवा. पागोळ्या मात्र आपल्याच हद्दीत पडाव्यात.

कडब्याची गंजी, गोठ्याचं छप्पर आणि पऱ्हाट्यांचा ढीग यांच्यापासून चूल लांब हवी. उन्हाळ्यात वाऱ्यावर एक ठिणगी उडाली तरी वर्षाचा चारा जातो. चुलीवर पाचटाचं किंवा गवताचं छप्पर नको. रात्री निखारे पाणी मारून विझवूनच झोपायला जा. बाहेर गॅसही ठेवणार असाल तर तो चुलीच्या शेजारी नको, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. सिलिंडर उभा, खाली जमिनीवर, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर.

ओटा कुणाच्या मापाचा?

गवंडी त्याच्या सवयीनं माप धरतो. स्वयंपाक आपण करणार, तर माप आपलं हवं. उभं राहून कामं करायची असतील तर सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाका. कोपराच्या चार-सहा बोटं खाली ओट्याची फरशी यायला हवी. चुलीवर पातेलं चढलं की उंची वाढते, म्हणून चुलीची जागा त्याहून बरीच खाली घ्या. भाकरी बसूनच थापायची सवय असेल तर चूल खालीच ठेवा, पण गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी फूटभर उंच चौथरा करा, म्हणजे पाटावर किंवा स्टुलावर बसता येतं. आमच्याकडं दोन्ही आहे. चूल चौथऱ्यावर, आणि चिरायला, वाटायला उभा ओटा.

चुलीला वैल ठेवा. एकाच जाळावर भाकरी आणि कालवण होतं, सरपण वाचतं. धुराला पाइप लावला तर त्याचं तोंड पत्र्याच्या वर दोन फूट तरी जाऊ द्या. चूल घातल्यावर आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्या. लगेच जाळ घातला तर तडे जातात.

पाणी

धुण्या-विसळण्याचं पाणी कुठं जाणार ते ओटा बांधायच्या आधी ठरवा. मुरमाड जमीन असेल तर तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल शोषखड्डा खणा. खाली मोठे दगड, वर लहान दगड आणि खडी भरा. तोंडाशी जाळी लावा, म्हणजे खरकटं आत जात नाही. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर तिथं खड्डा घेऊ नका. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास कमी केले, हे तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. काळ्या जमिनीत पाणी नीट मुरत नाही. तिथं ते केळीला, अळूला, कर्दळीला सोडा. शोषखड्ड्याला सरकारी योजनेतून मदत मिळते का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

एका कागदावर तीन रकाने

आता पैसे. वहीचं एक पान घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात घरात जे आहे ते. दुसऱ्यात अंगमेहनत. तिसऱ्यात रोख.

पहिल्या रकान्यात आम्ही लिहिलं: बाभळीच्या सहा मेढी, शेतातली पांढरी माती, भुसा, शेण, खड्ड्यासाठी दगड. दुसऱ्यात लिहिलं: खड्डा खणायला दोघांचे दोन दिवस, चूल घालायला सासूबाई. अंगमेहनत फुकट धरू नका. त्या दोन दिवसांत दोघांचे मिळून चार रोज बुडाले असते तर तीनशे रुपयांनी १,२०० रुपये गेले असते. म्हणून आम्ही शेतात काम नसलेले दिवस धरले.

तिसरा रकाना असा होता. आठ फूट बाय सहा फुटांच्या जागेचा हा हिशेब आहे. भाव आमच्या तालुक्याचे आहेत, तुम्ही तुमच्या दुकानात विचारून लिहा.

पत्रे ३, प्रत्येकी ८०० प्रमाणे: २,४००
विटा ३००, प्रत्येकी ८ प्रमाणे: २,४००
सिमेंट ३ पोती, प्रत्येकी ३८० प्रमाणे: १,१४०
वाळू आणि तिची वाहतूक: १,२००
शहाबादी फरशी १० चौरस फूट, ४५ प्रमाणे: ४५०
गवंडी २ दिवस, ९०० प्रमाणे: १,८००
धुराचा आणि सांडपाण्याचा पाइप: ८००
खिळे, तार, हुक, जाळी: ३००
बेरीज: १०,४९०

याच्यावर दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे १,०५० रुपये अडीनडीला धरले. एकूण ११,५४०. हा दहावा हिस्सा सोडू नका. पोतं कमी पडतं, पत्रा फाटतो, गवंड्याचा अर्धा दिवस वाढतो. तेव्हा ऐनवेळी उसने मागायची पाळी येते.

कर्ज किती?

परसातली चूल ही म्हशीसारखी किंवा शिलाई मशीनसारखी कमावणारी वस्तू नाही. पापड-कुरडया करून विकणार असाल तर गोष्ट वेगळी. एरवी हप्ता दुसऱ्या कमाईतूनच जाणार. म्हणून सगळी रक्कम कर्जानं काढू नका. आम्ही ५,५४० रुपये आठ-नऊ महिन्यांत साठवले आणि गटातून फक्त ६,००० घेतले. दहा हप्ते, मुद्दल दरमहा ६००. आमच्या गटाचा दर महिन्याला शेकडा दोन रुपये, उरलेल्या मुद्दलावर. पहिल्या महिन्यात व्याज १२०, दुसऱ्यात १०८, असं उतरत शेवटी १२. एकूण व्याज ६६०. सगळे ११,५४० कर्जानं घेतले असते तर तेच व्याज सुमारे १,२७० झालं असतं. तुमच्या गटाचा दर शेकडा एक असेल तर हे आकडे निम्मे होतील. पण हिशेब आधी मांडा, मग अर्ज लिहा.

साठवायलाही जमत नसेल तर काम टप्प्यानं करा. पावसाच्या आधी पत्रा, पश्चिमेची भिंत आणि पाण्याची वाट. दिवाळीनंतर ओटा आणि फरशी. तोवर तीन विटांवर भागतं. उलटं करू नका. आधी फरशी आणि मागून पत्रा केला तर पहिल्याच पावसात आमच्यासारखं होतं.

आणखी एक गोष्ट. हा कागद घरात सगळ्यांसमोर वाचा. आमच्या घरात पहिल्यांदा "चुलीला कशाला एवढा खर्च?" असंच ऐकायला मिळालं होतं. कागद वाचल्यावर ह्यांनी स्वतः जुने पत्रे शोधले, दोन कामाचे निघाले आणि १,६०० रुपये वाचले. ते पैसे आम्ही पहिल्या दोन हप्त्यांना लावले. तोंडी मागणं हे गाऱ्हाणं वाटतं. लिहिलेला हिशेब घरचं काम वाटतो.

सासूबाईंचा खोकला पुरता गेला नाही. इतक्या वर्षांचा धूर एका ओट्यानं जात नाही, गोळ्या चालूच आहेत. पण आता त्या पूर्वेकडं तोंड करून चौथऱ्याजवळ पाटावर बसतात, धूर पाठीमागं निघून जातो, आणि सुनेला सांगतात, "जरा जाळ कमी कर गं." पाणी अळूला जातं. जाऊबाई तिथलीच पानं वडीला नेतात.

तेव्हा तायांनो, पुढच्या बैठकीला येताना कर्जाच्या अर्जाबरोबर तो तीन रकान्यांचा कागद आणा. आणि उद्या सकाळी आधी तीन विटा मांडा.